चार दारं, एक डिक्की, एक अॅम्प

आधी गाडी बंद करा. किल्ली काढून खिशात ठेवा. पान्यांची पिशवी, वायरचं भेंडोळं, नवा अॅम्प्लिफायर, सगळं मागच्या सीटवर तसंच राहू द्या. सुरुवातीला हातांना काम नाही, कानांना आहे. चारही काचा खाली करा आणि नुसते बसा.

गाडी उभी आहे अवसरी बुद्रुकमध्ये. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने साधारण साठ किलोमीटरवर मंचर लागतं, तिथून आत वळायचं. चैत्रातली सकाळ आहे. कुठे कांदा बराखीत भरणं चाललंय, कुठे उसाला पाणी. कानावर जे येतंय ते येऊ द्या, ओळखायची घाई नको. साळुंक्यांची कलकल आहे. बांधापलीकडे बायका बोलताहेत, शब्द कळत नाहीत पण बोलण्याचा सूर कळतो. देवळाच्या कर्ण्यावर भजन लागलंय. डांबरीवरून एक ट्रॅक्टर चाललाय.

आता काचा वर घ्या, एकेक करून, सावकाश. प्रत्येक काच चढताना काय कमी झालं याकडे लक्ष ठेवा. साळुंक्या आधी जातात. मग बोलण्यातले स, श, च पुसले जातात. मग कर्णा. ट्रॅक्टर मात्र जात नाही. त्याची धडधड काचेतून, पत्र्यातून आत येतच राहते. कानापेक्षा पाठीला जास्त कळते. काच आणि पत्रा पातळ आवाज अडवतात, जाड आवाजाला त्यांची फारशी अडचण होत नाही. हे पुस्तकात वाचून कळतं, पण असं बंद गाडीत बसून एकदा अनुभवलं की पुढचं सगळं काम वेगळ्या समजुतीने होतं. खर्ज आणि टीप या एकाच आवाजाच्या लहानमोठ्या मापाच्या गोष्टी नाहीत. त्यांचा स्वभाव वेगळा आहे. त्यांना जन्माला घालायला लागणारं अंगही वेगळं.

पुन्हा एक काच खाली करा आणि कर्ण्यावरचं भजन नीट ऐका. टाळ स्वच्छ ऐकू येतात. गाणाऱ्याचा गळाही येतो. पखवाज? त्याची उजवी बाजू, शाईची, ठणठणीत येते. डावी बाजू कुठे आहे? त्या पुडीला वाजवणाऱ्याने भिजवलेली कणीक थापलेली असते. कणकेच्या वजनाने ती पुडी सावकाश हलते, म्हणून तिच्यातून तो खोल, भरलेला ‘धूम’ निघतो. देवळात वाजवणाऱ्यासमोर बसलात तर तो छातीत लागतो. कर्ण्यातून तो निघतच नाही. कर्ण्याचं तोंड फूट-दीड फुटाचं. खर्जाची एकेक लाट कित्येक मीटर लांब. एवढ्या तोंडातून तेवढी लाट बाहेर ढकलली जात नाही, म्हणून कर्णा ती सोडून देतो. बोलणं लांब पोचवायला कर्ण्यासारखं दुसरं काही नाही, हेही लगेच म्हणून ठेवतो. बैलगाडा शर्यतीच्या घाटात समालोचकाचा आवाज टेकडीच्या पार जातो तो त्याच्याच जिवावर. त्या कामाला कर्णा उत्तमच. पण कर्ण्यातून आलेला पखवाज अर्धा असतो. कणकेची बाजू गळालेली असते.

आज गाडीत जे जोडायचं आहे ते त्या गळालेल्या अर्ध्यासाठी. चार दारांत चार स्पीकर, डिक्कीत एक सबवूफर, आणि या पाचांना चालवणारा एकच अॅम्प. वूफर मिरवण्यासाठी बसवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ज्याला पखवाज पुरा ऐकायचा आहे त्याने हे काम करावं, असं मला मनापासून वाटतं.

काच पुन्हा लावून घ्या आणि दारातल्या स्पीकरवर हात ठेवा. जाळीमागे साडेसहा इंची कागदी किंवा प्लास्टिकची वाटी आहे. हा साधा शोध १९२५ चा. अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं टांगलं, त्याला शंकू चिकटवला, आणि वेटोळ्यात वीज नाचली की शंकू नाचू लागला. शंभर वर्षांत कागद बदलला, चुंबक बदललं, पण मूळ रचना तीच राहिली. आता कल्पना करा की या वाटीला ८० हर्ट्झचा सूर काढायचा आहे. ती सेकंदाला ८० वेळा पुढेमागे होईल. तेवढ्याच जोराचा ४० हर्ट्झचा सूर तिच्याकडून हवा असेल तर फेऱ्या निम्म्या होतात, पण दर वेळी तिला चौपट लांब जावं लागतं. चौपट! तिच्या कडेचं रबर तेवढं ताणत नाही. ती धडपडते, आणि त्या धडपडीत वरचे सूर, गळा, टाळ, सगळेच गढूळ होतात. दारातल्या स्पीकरचा बेस वाढवत नेणारे नेमकं हेच करतात, आणि मग स्पीकरला नावं ठेवतात.

म्हणून आवाजाची वाटणी करायची. अॅम्पवर क्रॉसओव्हर नावाची जी बटणं असतात ती याच कामाची. दारांच्या चार चॅनलना ८० हर्ट्झच्या खालचं बंद करायचं, सबवूफरच्या चॅनलला ८० च्या वरचं बंद करायचं. ८० हा काही देवाचा आकडा नाही. छोट्या वाट्यांना १०० लागेल, चांगल्या मोठ्या वाट्यांना ७० ही चालेल. पण सुरुवात ८० पासून करा आणि कान काय सांगतो ते पाहा. खर्जाचा भार गेला की दारातला स्पीकर किती मोकळा बोलू लागतो, हे ऐकलं की आश्चर्य वाटतं. त्याला जास्त काही दिलेलं नसतं, उलट थोडं काढूनच घेतलेलं असतं.

आता अॅम्प मांडीवर घ्या. वजन जाणवू द्या. बाहेरून एक धातूचा चपटा डबा, अंगावर खाचा, म्हणजे उष्णता निघून जावी. एका कडेला तीन स्क्रू आहेत: बॅटरीचा आणि अर्थचा जाड, आणि मधला बारीक रिमोटचा, डॅशबोर्डवरच्या टेपबरोबर अॅम्प चालू-बंद करणारा. दुसऱ्या कडेला स्पीकरच्या जोड्या. आत पाच वेगळे मार्ग आहेत, पण त्यांना वीज पुरवणारं कोठार एकच. या एका गोष्टीवर थांबा, कारण पाच चॅनलच्या अॅम्पचं सगळं मर्म तिथे आहे. आंबेगाव तालुक्यात डिंभ्याच्या कालव्याचं पाणी ज्यांनी घेतलंय त्यांना हे सांगावं लागणार नाही: वरच्याने दार पूर्ण उघडलं की शेवटच्या शेताला ओल तेवढी पोचते. सबवूफरने एका ठोक्याला कोठार उपसलं की त्याच क्षणी दारांतल्या गळ्याच्या वाट्याला कमी येतं. गाणाऱ्याचा आवाज ठोक्यागणिक आत-बाहेर होऊ लागतो. कधी हेडलाइटही मिणमिणतात. म्हणून या एका अॅम्पवर मोठ्याची पातळी लहानांकडे बघून ठरवायची. आधी दारांतले चार स्पीकर जिथे सुखाने बोलतात ती जागा शोधायची, आणि सबवूफरला वर चढवत त्यांच्यापर्यंत आणून तिथेच थांबवायचं. उलट क्रमाने केलेलं काम माझ्या कानाला कधी पटलेलं नाही.

कोठारात वीज येते ती बॅटरीतून. बॉनेट उघडा, तिच्यासमोर उभे राहा आणि थोडं गणित करा; सावकाश, जप करावा तसं. समजा अॅम्प दारांना प्रत्येकी ६० वॅट आणि सबवूफरला ३०० वॅट देतो. एकूण ५४० वॅट. आजचे ‘क्लास डी’ जातीचे अॅम्प घेतलेल्या विजेपैकी साधारण ऐंशी टक्के आवाजाला देतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे घ्यावे लागतात ६७५ वॅट. इंजिन चालू असताना गाडीत १३.८ व्होल्टच्या आसपास दाब असतो. भागाकार करा: सुमारे ४९ अँपिअर. गाण्यात प्रत्येक क्षण एवढा मागत नाही, पण पखवाजाच्या थापेचा क्षण मागू शकतो, आणि वायर त्या क्षणासाठी घ्यायची असते.

४ गेजची खऱ्या तांब्याची वायर बॅटरीपासून डिक्कीपर्यंत पाच मीटर धरली तर ४९ अँपिअरला तिच्यात सुमारे ०.२ व्होल्ट वाया जातात. तेवढ्याच लांबीच्या ८ गेजच्या वायरमध्ये अर्धा व्होल्ट. बाजारात बाहेरून लालबुंद, जाडजूड, हलकी आणि स्वस्त वायर मिळते. तिच्यात तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. तिचं टोक सोलून ब्लेडने एक तार खरवडा. आत पांढरं दिसलं की ओळखा. तीच घ्यायची असेल तर एक-दोन गेज जाड घ्यावी लागेल, हे धरून घ्या.

बॅटरीच्या टोकापासून एका हाताच्या आत, फार तर दीड फुटावर, फ्यूज. आपल्या गणिताला ६० अँपिअरचा ठीक आहे. फ्यूज कोणाला वाचवतो? बहुतेक जण म्हणतील, अॅम्पला. नाही. तो वायरला वाचवतो, आणि वायरच्या शेजारी बसलेल्या माणसांना. ती लाल वायर इंजिनच्या बाजूने आत जाताना पत्र्याच्या भोकातून जाते. खड्ड्यांच्या रस्त्यावर दर हादऱ्याला पत्र्याची कड तिचं आवरण घासते. ज्या दिवशी तांबं पत्र्याला लागेल त्या दिवशी बॅटरीतली सगळी वीज त्या एका जागी धावेल. फ्यूज बॅटरीजवळ असेल तर एका क्षणात तुटेल. तोच अॅम्पजवळ लावला असेल तर मधली सगळी वायर पेटेपर्यंत त्याला पत्ताही लागणार नाही. म्हणून भोकाला रबराची बुशी, आणि फ्यूज बॅटरीलगत. यात मी कुणाचंही दुसरं मत ऐकून घेत नाही. आणि हे काम सुरू करण्याआधी बॅटरीचं काळं, निगेटिव्हचं टोक सोडवलेलं असलं पाहिजे.

लाल वायर एका बाजूच्या पायरीखालून मागे न्या. टेपकडून अॅम्पकडे येणारी गाण्याची बारीक वायर, जिला सगळे आरसीए म्हणतात, ती दुसऱ्या बाजूच्या पायरीखालून. दोघींची गाठ शक्यतो पडू नये. आरसीएमधून जाणारा संकेत एक-दोन व्होल्टचा, काही टेपचा चारचा. लाल वायरमधून अल्टरनेटरची घरघर वाहत असते. शेजारी झोपवल्या तर नाजूक वायर मोठीची घरघर उचलू शकते, आणि इंजिनचा वेग वाढला की स्पीकरमधून बारीक शिट्टी चढत जाते. ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

आता अर्थ. डिक्कीत मॅटखाली गाडीचा सांगाडा शोधा, पत्र्याचा पातळ पापुद्रा नको. रंग काढा, पॉलिश पेपरने, रुपयाएवढ्या जागेचा, धातू लखलखेपर्यंत. इथे वेळ घालवा, हात थकेपर्यंत घासा. रंगावर घट्ट बसवलेला बोल्ट दिसायला पक्का असतो आणि आतून अडलेला असतो. अर्थची वायर लालइतकीच जाड, पण आखूड, हातभर पुरे. वीज लाल वायरने जेवढी येते तेवढीच या वाटेने परत जाते. येणारीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. परतीच्या वाटेकडे ज्याचं असतं त्याच्या गाडीत सहसा शिट्टी येत नाही. जोडून झालं की उघड्या धातूवर रंगाचा किंवा ग्रीसचा हात फिरवा, पावसाळ्यात गंज धरू नये.

इथे जरा विसावा घ्या. पाणी प्या. पुढचा भाग ओहमचा आहे आणि तो घाईत चुकतो.

गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ मध्ये आपला नियम छापला. वीज, तिच्यामागचा दाब आणि तिला होणारा अडथळा यांचं नातं. दारातल्या स्पीकरवर लिहिलेलं असतं ‘४ ओहम’. हा त्याचा अडथळा. आता मनात दुसरा तसाच स्पीकर आणा आणि दोघांचे प्लस एकत्र, मायनस एकत्र करून एकाच चॅनलला जोडा. विजेला आता दोन वाटा मिळाल्या, म्हणून अडथळा निम्मा झाला: २ ओहम. एकामागून एक जोडले असते, पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, तर एकच लांब वाट झाली असती: ८ ओहम. काही सबवूफरच्या पोटात दोन वेटोळी असतात, प्रत्येकी ४ ओहमची. तेच वूफर तुमच्या जोडणीनुसार २ होतं किंवा ८ होतं. विकत घेताना हे विचारलंच पाहिजे.

अडथळा कमी म्हणजे चांगलं, असं पहिल्यांदा वाटतं. जास्त वीज जाईल, जास्त आवाज येईल. पण ती वीज देणाऱ्याच्या जागी बसून पाहा. मागणाऱ्याचा अडथळा कमी झाला की देणाऱ्यावरचा भार वाढतो. अॅम्पच्या पुस्तिकेत प्रत्येक चॅनलचा कमीत कमी ओहम छापलेला असतो. त्याच्या खाली गेलात की तो तापतो, स्वतःला बंद करतो, किंवा जळतो. आणि ब्रिज करताना, म्हणजे दोन चॅनल जोडून एक वूफर चालवताना, हे दुप्पट जपा. ज्यांच्याकडे पाचाऐवजी चार चॅनलचा अॅम्प आहे ते हेच करतात: पुढचे दोन दारांना, मागचे दोन ब्रिज करून वूफरला. तेव्हा ४ ओहमचं वूफर असलं तरी त्या दोघांतल्या प्रत्येक चॅनलला ते २ ओहमचं भासतं. पुस्तिकेत ब्रिजला किमान ४ लिहिलेलं असताना खाली २ ओहमचं वूफर लावलं, तर एकेका चॅनलवर १ ओहमचा भार पडतो. किती तरी अॅम्प याच एका गणितात गेलेले असतात.

दारांपर्यंतच्या वायरी हळूहळू ओढा. कंपनीच्या बाहेरच्या टेपना साधारण एक ठरलेली रंगांची रीत असते: पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, काळी रेघ असलेली ती मायनस. गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये रंग वेगळे निघू शकतात, तेव्हा नुसत्या रंगावर विसंबू नका. आणि एक लक्षात असू द्या: स्पीकरचा मायनस म्हणजे गाडीचा अर्थ नव्हे. तो जिथून निघाला त्याच चॅनलच्या मायनसला परत यायला हवा. त्याला सांगाड्याला टेकवलं तर अॅम्पचं नुकसान होऊ शकतं.

प्लस-मायनस उलटा झाला तर काय होतं, हे नीट मनात घोळवा. काहीच जळत नाही. आवाजही येतो. फक्त एक वाटी पुढे सरकते तेव्हा दुसरी मागे सरकते. एकीने हवा ढकलली, दुसरीने ओढून घेतली. वरच्या सुरांत हे चटकन कळत नाही, पण खर्जात दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. माणूस गेन वाढवतो, वूफर बदलतो, पेटी बदलतो, आणि मूळ कारण एका दारात दोन स्क्रूंच्या अदलाबदलीत बसलेलं असतं. तपासायची रीत जुनी आणि सोपी आहे. अॅम्पपासून वायर सोडवा, घड्याळात घालतात तो दीड व्होल्टचा सेल घ्या, त्याचा प्लस स्पीकरच्या प्लस वायरला, मायनस मायनसला, क्षणभर टेकवा. वाटी बाहेर आली तर बरोबर. आत गेली तर उलट. चारही दारं, मग वूफर. ट्वीटरवर, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरवर, हा प्रयोग करू नका, त्याची तार फार नाजूक असते.

वूफर डिक्कीत आहे, दारं जवळ आहेत, म्हणून पोचायच्या वेळेतही फरक पडतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर. ड्रायव्हरच्या कानाला उजवं दार जवळ, डावं दूर. अर्ध्या मीटरचा फरक धरला तर दीड मिलिसेकंद. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, याच प्रश्नावर एक अख्खी वेधशाळा उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेली महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण. आकाशातली एकच लहर प्रत्येक तबकडीला थोड्या वेगळ्या वेळी भेटते. ऑप्टिकल फायबरने सगळे संकेत मध्यवर्ती इमारतीत आणतात आणि जो आधी आला त्याला तेवढं थांबवून मग सगळे जुळवतात. तुमच्या टेपमध्ये ‘टाइम अलाइनमेंट’ असेल तर तोही नेमकं हेच करतो: जवळच्या दाराला थांबवतो, दूरच्याला गाठू देतो. ती सोय नसली तरी बऱ्याच अॅम्पवर वूफरसाठी शून्य आणि १८० अशी एक कळ असते. जोडणी पुरी होऊन सगळं वाजू लागलं की ड्रायव्हरच्या सीटवर बसा, पखवाज लावा, मागे कुणाला तरी ती कळ इकडेतिकडे करायला सांगा. ज्या बाजूला ‘धूम’ भरतो ती बाजू तुमची.

आता बॅटरी जोडा. टेप चालू करा. सगळे गेन खाली, बेस बूस्ट बंद.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही. टेपचा संकेत केवढा आहे ते अॅम्पला सांगायची ती जागा आहे. ओळखीचं रेकॉर्डिंग लावा, ज्यातला प्रत्येक श्वास तुम्हाला पाठ आहे. टेपचा आवाज तीन चतुर्थांशावर न्या. मग दारांचा गेन अगदी हळू चढवा. एक क्षण येतो जेव्हा गळ्याची कड फाटल्यासारखी होते. कान तिथे ताणून ठेवा. तिथे अॅम्पची देण्याची ताकद संपली, आता तो लाटेचा माथा छाटून चपटा करतोय. त्या छाटलेल्या लाटेत मूळ गाण्यात नसलेले कडक वरचे सूर तयार होतात आणि बिचारा ट्वीटर ते झेलत जळतो. तो क्षण सापडला की मागे या, थोडं जास्तच मागे या. मग वूफरचा गेन वर आणा, दारांना भेटेपर्यंत.

कधी थांबायचं? माझी कसोटी एवढीच: डोळे मिटल्यावर खर्ज डिक्कीतून येतोय असं वाटलं तर वूफर जास्त झालंय. पखवाज समोर, काचेपलीकडे, बॉनेटवर बसून वाजतोय आणि त्याच्या दोन्ही पुड्या एकाच लाकडावरच्या आहेत असं वाटलं तर झालं. गाडीच्या बंद खोक्यात खर्जाला आपोआपच मदत मिळते. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, गाडीच्या आतल्या जागेपेक्षा कितीतरी मोठी. ती तिथे पसरू शकत नाही, म्हणून साऱ्या जागेतली हवा एकदम दाबते आणि सोडते. तेव्हा खुल्या अंगणात जे वूफर अपुरं वाटेल ते गाडीत पुरतं. मोठं घ्यायची घाई करू नका. आवाज दुप्पट वाटायला साधारण दसपट वॅट लागतात. ३०० चे ६०० केले तर कानाला मिळतात फक्त ३ डेसिबल.

पहिल्यांदा ऐकायला भजनच लावा असं नाही. ढोलकी लावा. नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. ज्या मुलखात हे चालतं तिथल्या माणसाला ढोलकीची धूम आणि तिचा कडाका दोन्ही वेगवेगळे, तरी एका हाताचे, ऐकू आले पाहिजेत. मग गप्पा लावा, नुसतं बोलणं. बोलण्यात वूफर जवळपास गप्प असायला हवं. बोलणारा घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा वाटला तर वूफरचा क्रॉसओव्हर खाली आणा.

आता गाडी वाजती ठेवून बाहेर या आणि दार लावून घ्या. दहा पावलं लांब जा. सकाळी ट्रॅक्टरचं जे आत आलं होतं तेच आता बाहेर येतंय. गळा नाही, टाळ नाही, शब्द नाहीत, फक्त ठोका. तुम्ही आत बसून जे पूर्ण गाणं ऐकता त्यातलं शेजारच्या घराला एवढंच मिळतं. त्या घरात बाळ निजलेलं असेल, कुणी दहावीचा अभ्यास करत असेल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. पण आकड्यांच्या आधी हे दहा पावलांचं अंतर चालून पाहा. आवाज कुठवर न्यायचा ते तिथे उभं राहून ठरवा. मला विचाराल तर गल्लीत वळताना वूफरची पातळी खाली आणण्याची एक छोटी फिरकी डॅशबोर्डजवळ बसवून घ्या. बऱ्याच अॅम्पबरोबर ती मिळते, आणि लोक ती खोक्यातच ठेवून देतात.

परत येऊन अर्धा तास वाजू द्या. मग फ्यूजच्या डबीवर, लाल वायरच्या दोन्ही टोकांवर आणि अर्थच्या बोल्टवर बोट ठेवा. अॅम्प कोमट असेल, ते ठीक. पण जोड गरम लागला तर तो सैल आहे किंवा धातू धातूला भेटलेला नाही. सोडवा, साफ करा, पुन्हा आवळा. गाव ते मंचर असं आठवडाभर फिरून झालं की सगळे स्क्रू एकदा परत तपासा, रस्ता त्यांना हलवतोच. आणि आज रात्री गाडी बंद केल्यावर अॅम्पवरचा छोटा दिवा विझलाय ना, हे डिक्की उघडून बघा. रिमोटची वायर टेपऐवजी थेट बॅटरीच्या चालू लाइनवर दिली गेली असेल तर तो रात्रभर जागा राहील. उद्या सकाळी इंजिन सुरू करण्याआधी बॅटरीला मीटर लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले की अॅम्पने रात्री बॅटरी खाल्लेली नाही.